तन्मय भट : रोस्ट, सचिन-लता आणि मालकाची खुर्ची

माहीमचा_पाव (धागाकर्ता)

कॉमेडियन तन्मय भटवर इथे स्वतंत्र धागा नाही. स्टँडअपच्या धाग्यात, मीटूच्या धाग्यात, अगदी जाहिरातींच्या धाग्यातही त्याचं नाव निघतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. म्हणून हा वेगळा काढतोय. तिकडचे प्रतिसाद इथे हलवले तरी चालतील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाही त्यांना थेट भांडायला येता येईल. या माणसावर तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले, धमक्या आल्या. त्यातल्या एकानेही त्याचं दुकान बंद पडलं नाही. पडलं ते विनोदाशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टीने. आपल्याकडे मात्र अजून सचिन-लता व्हिडिओचंच दळण चालू आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९८७, मुंबईचाच. जाहिरातीचं शिक्षण, टीव्हीसाठी लिखाण, सोबत स्टँडअप. २०१२ मध्ये त्याने आणि गुरसिमरन खंबाने 'ऑल इंडिया बकचोद' नावाचं पॉडकास्ट सुरू केलं. पुढे रोहन जोशी आणि आशिष शाक्य आले, चौकडी जमली आणि एआयबीचे यूट्यूब व्हिडिओ येऊ लागले.

२०१३ चा 'इट्स युअर फॉल्ट' कोणाला आठवतो का? दिल्लीच्या निर्भया प्रकरणाला वर्षही झालं नव्हतं. कल्की केकलां आणि जुही पांडे कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत सांगतात, बलात्कार झाला ना, मग चूक तुमचीच. बघताना आधी हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते. माझ्या मते एआयबीचं सगळ्यात धारदार काम तेच.

पण पैसा आणि नाव दिलं ते वेगळ्या युक्तीने. आलिया भटने 'कॉफी विथ करण'मध्ये राष्ट्रपती म्हणून पृथ्वीराज चव्हाणांचं नाव घेतलं होतं (तेव्हा ते आपले मुख्यमंत्री!) आणि देशभर तिची टर उडाली होती. एआयबीने ऑगस्ट २०१४ मध्ये तिलाच घेऊन 'जीनिअस ऑफ द इयर' केला, ज्यात ती अक्कल वाढवायला मेंदूच्या जिममध्ये जाते. ज्याची टिंगल चालली आहे त्यालाच भागीदार करून घ्यायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

मग रोस्ट, म्हणजे नावाजलेल्या माणसाला स्टेजवर बसवून त्याची तोंडावर टिंगल. डिसेंबर २०१४, वरळीचा एनएससीआय डोम, चार हजारांच्या आसपास प्रेक्षक, करण जोहर सूत्रधार, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर बळीचे बकरे. कार्यक्रमातून ४० लाख रुपये धर्मादाय कामाला गेले. २८ जानेवारी २०१५ ला व्हिडिओ चढवला, ३ फेब्रुवारीला उतरवला. तेवढ्यात ८० लाखांच्या आसपास वेळा पाहिला गेला. मनसेच्या चित्रपट सेनेने बजावलं की माफी मागा, नाहीतर दोघांचे सिनेमे लागू देणार नाही. सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी चौकशी लावली. ख्रिस्ती समाजाची माफी मागून झाली. गिरगावच्या कोर्टाच्या आदेशावरून ताडदेव पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि त्यात दीपिका पदुकोण, आलिया भट यांचीही नावं. त्या स्टेजवर नव्हत्या. प्रेक्षकांत बसून हसल्या होत्या.

आता पुढचं बघा. त्याच एप्रिलमध्ये एआयबीने नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक) व्हिडिओ केला आणि त्या मोहिमेतून ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांच्या वर ईमेल गेले. वर्ष संपायच्या आत स्टार आणि हॉटस्टारवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम. कसलं बुडणं आणि कसलं काय!

मे २०१६ मध्ये सचिन-लता. स्नॅपचॅटवर चेहरा बदलायचा फिल्टर नवीन आलेला. तन्मय एकटाच दोन चेहरे लावून बोलतो, सचिन भारी की विराट यावरून भांडण, मग वयावर आणि मरणावर घसरतो. मनसेने शिवाजी पार्क पोलिसांत तक्रार दिली, रितेश देशमुखपासून अनुपम खेरपर्यंत सगळ्यांनी झापलं. जुलै २०१७ मध्ये मोदींच्या चेहऱ्यावर कुत्र्याचा फिल्टर लावलेलं चित्र. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने बदनामी आणि आयटी कायद्याचं कलम ६७ लावून गुन्हा नोंदला. एआयबी तरीही चालूच.

२०१८ चं आणि नंतरचं खाली लिहितो. हात दुखले.

तिरफळ

रुमाल टाकून ठेवतेय. चांगला धागा. एआयबीचा 'ऑनेस्ट इंडियन वेडिंग्ज' विसरलात का? आमच्या ग्रूपमध्ये अजून लग्नसराई आली की त्यातले संवाद फिरतात.

जुनाखोड

विनोदाला माझा विरोध नाही. पण आईबहिणीवरून बोलणं म्हणजे धाडस, हे समीकरण मला कधी पटलं नाही. दादा कोंडक्यांनी सेन्सॉरच्या नाकाखालून काय काय नेलं ते आमच्या पिढीने थिएटरात बसून पाहिलंय. एकही शब्द पकडता येत नसे आणि अख्खं थिएटर लोळत असे. त्याला डोकं लागतं. रोस्टमध्ये तसं काय होतं? श्रीमंतांची पोरं एकमेकांना शिव्या देतात आणि श्रीमंतच तिकीट काढून टाळ्या वाजवतात.

माहीमचा_पाव

काका, रोस्टपुरतं तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. त्यातला अर्धाअधिक माल शरीरावरचा, रंगावरचा होता. पण मग 'मला आवडलं नाही' म्हणून टीव्ही बंद करा. ताडदेव पोलीस कशाला?

आणि दादांचं म्हणाल तर त्यांच्या काळातही सभ्य घरांत त्यांचं नाव घेताना आवाज खाली येत होताच की. मोठेपण नंतर चिकटलं.

शिवाजीपार्क_गेट५

धागाकर्ते सचिन-लताला 'दळण' म्हणून उडवून लावतात ते खटकलं. लतादीदी तेव्हा ८६ वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या बाईला 'तू मर आता' म्हणण्यात कसला उपरोध? सत्तेवर बोला, मंत्र्यांवर बोला, मी टाळ्या वाजवतो. इथे सत्ता कुठे होती? मनसेने मारहाणीची भाषा केली ती मला मंजूर नाही, पण व्हिडिओ रद्दी होता हे म्हणायला मनसेवाला असायची गरज नाही.

रानजाई

+१ शिवाजीपार्क. रद्दी होता आणि तक्रार करण्यासारखा नव्हता, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

विधिज्ञा

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण दरवेळी 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' एवढंच म्हणून आपण थांबतो.

२०१५ च्या सरकारी चौकशीची सुरुवात कुठून झाली ते बघा. अश्लीलता नंतर. आधी प्रश्न असा की प्रयोगाचा परवाना होता का. महाराष्ट्रात रंगमंचावर काही सादर करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. सिनेमाला सेन्सॉर असतं हे सगळ्यांना माहीत असतं. नाटकालाही आहे, आणि बऱ्याच राज्यांत तसं नाही, हे फार जणांना माहीत नसतं. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंग याच यंत्रणेविरुद्ध हायकोर्टात लढले होते. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणालाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं.

म्हणजे गंमत अशी की इंटरनेटचा म्हणून गाजलेला तंटा प्रत्यक्षात नाटकवाल्यांच्या जुन्या नियमावर येऊन टेकला. व्हिडिओ घरी बसून शूट केला असता तर हे मंडळ मध्ये आलंच नसतं. सचिन-लता तसाच होता, त्यामुळे तिथे पोलिसांनी गूगल-फेसबुकला 'ब्लॉक करा' म्हणायचा रस्ता धरला.

अवांतर : रोस्टचा व्हिडिओ उतरल्यावर दोन महिन्यांच्या आत, २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराबद्दल शिक्षेचं) रद्द केलं. त्या खटल्याचं मूळ आपल्या पालघरचं. २०१२ मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुक पोस्ट टाकली म्हणून दोन मुलींना अटक झाली होती. एकीने फक्त लाइक केलं होतं. लाइक केलं म्हणून अटक, हसली म्हणून गुन्हा. आपण प्रेक्षकालाही सोडत नाही.

माहीमचा_पाव

विधिज्ञाताई, शेवटचं वाक्य जबरी.

आता २०१८. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एआयबीसोबत काम केलेल्या एका कॉमेडियनवर अनेक बायकांनी गैरवर्तनाचे जाहीर आरोप केले. (त्याने पुढे स्वतःची बाजू मांडली. तो वेगळा विषय आहे, इथे नको.) यापैकी काही तक्रार तन्मयच्या कानावर आधीच आली होती आणि तरी त्या माणसाला काम मिळत राहिलं होतं. एआयबीने ८ ऑक्टोबरच्या निवेदनात हे कबूल केलं. तन्मय बाजूला झाला. खंबावरही वेगळा आरोप होता, तो त्याने नाकारला. त्यालाही रजेवर पाठवलं. हॉटस्टारने चालू कार्यक्रम थांबवला. मुंबईच्या मामि चित्रपट महोत्सवाने एआयबीच्या मंडळींनी निर्मिती केलेला 'चिंटू का बर्थडे' यादीतून काढला. मे २०१९ मध्ये निवेदन आलं : अख्खी टीम सोडून दिली, चॅनल बंद, तन्मय आता सीईओ नाही, खंबा वेगळा. त्याच सुमारास तन्मयने इन्स्टाग्रामवर सांगितलं की त्याला नैराश्याचा आजार असल्याचं निदान झालंय.

मनसे, तावडे, ताडदेव, सायबर शाखा या सगळ्यांना चार वर्षांत जे जमलं नाही ते आठ महिन्यांत झालं. आणि त्यात एकही विनोद नव्हता.

रानजाई

यावर मला सविस्तर लिहायचंय.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती लागते. 'चार मित्रांनी सुरू केलेली कंपनी' या प्रकारात नेमकं काय होतं ते मी नोकरीत जवळून पाहिलंय. माणसं तीस-चाळीस होतात, पण मालकांच्या डोक्यात ती अजून चार मित्रांची टोळीच असते. तक्रार घेऊन मुलगी जाते ती समितीकडे नाही, 'दादा'कडे. दादा त्या मुलाला बाजूला घेऊन दम देतो आणि समजतो, मिटलं. मिटलेलं नसतं. मुलगी रोज त्याच पँट्रीत त्याच्यासमोर चहा घेते. त्यातून समोरचा पगारी नसून कामापुरता बोलावलेला असला की समितीचा कागदही लागू कसा करायचा यावर वाद घालता येतो.

म्हणून तन्मयने स्वतः काही केलं नाही, फक्त गप्प बसला, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. मालकाचं गप्प बसणं हे एक काम असतं, त्याचा त्याला पगार मिळत असतो. आणि तोच माणूस 'इट्स युअर फॉल्ट'च्या कंपनीचा. लोकांना जास्त लागलं ते त्यामुळे.

'चिंटू का बर्थडे'चं मात्र वाईट वाटतं. ज्यांचा काही संबंध नाही अशा दिग्दर्शकांचं पहिलं काम लटकलं. शेवटी जून २०२० मध्ये झी५ वर आलं. बघितलं नसेल तर बघा. बगदादमध्ये अडकलेलं बिहारी कुटुंब, सहा वर्षांच्या पोराचा वाढदिवस. मस्त आहे.

जुनाखोड

रानजाई, उत्तम लिहिलंत. यापुढे मी गप्प.

(हे जमणार नाही हे मलाही माहीत आहे.)

एडिसनची_माई

आमच्याकडे न्यू जर्सीत हे सगळं भूकंप होऊन गेल्यावर कळतं. माझा लेक त्याचे रिअ‍ॅक्शन व्हिडिओ बघतो. सोफ्यावर चार-पाच पुरुष बसलेत, दुसऱ्याचा व्हिडिओ लावलाय, मधेमधे थांबवून फिदीफिदी हसतायत. याला काम म्हणायचं? लेकाला विचारलं तर म्हणतो, "आई, तू कट्ट्यावर बसून हेच करायचीस ना?" उत्तर सुचलं नाही, पण प्रश्न उरतोच. यात निर्मिती काय आहे?

माहीमचा_पाव

माई, तो सोफा म्हणजे त्याचा दुसरा जन्म. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे स्टँडअपवाले घरी बसले. समय रैना या कॉमेडियनने बुद्धिबळाचं स्ट्रीमिंग सुरू केलं. आपला नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथीही त्यात रमला, कॉमेडियन लोकांच्या स्पर्धा झाल्या, तन्मय त्यात हिरिरीने हरायचा. तिथून तो गेमिंग, मग रिअ‍ॅक्शन असा वाढत गेला. स्टेज नाही, कंपनी नाही, चाळीस जणांचे पगार नाहीत. एक खोली, दोन-तीन मित्र.

निर्मिती काय, तर जुन्या जाहिराती लावून तो जेव्हा बोलतो तेव्हा नीट ऐका. हसण्याच्या मध्ये तो चटकन सांगून जातो की हे दृश्य का ठेवलं असेल, कोणत्या सेकंदाला ब्रँडचं नाव यायला हवं होतं, क्लायंटने कुठे हात घातलेला दिसतो. मला त्याचा स्टँडअप कधीच फार ग्रेट वाटला नाही. समीक्षक म्हणून तो त्याहून बराच वरचा आहे.

विधिज्ञा

माईंच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तरही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करायला सूट आहे. नुसतं लावून हसलात तर ती मिळणं कठीण, थांबवून बोललात तर बाजू भक्कम. पण यूट्यूबवर कोर्टाआधी स्ट्राइक येतो, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून चॅनलवर लागणारा ठपका. ९० दिवसांत तीन स्ट्राइक लागले की चॅनल उडू शकतं. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगलने एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केले ते याच धाकाच्या जोरावर पैसे मागितल्याबद्दल. ते प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. हे दुसऱ्याचा व्हिडिओ वापरणाऱ्या सगळ्यांच्याच डोक्यावर असतं.

कॉपीवाला_निवृत्त

बरेच दिवस फक्त वाचत होतो, जाहिरातीचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. हयात त्याच धंद्यात गेली.

धागाकर्त्यांनी वर जी युक्ती 'लक्षात ठेवा' म्हटलंय ती मी पुढे नेतो. २०२० ची आयपीएल, क्रेड या क्रेडिट कार्डाची बिलं भरायच्या अ‍ॅपच्या जाहिराती. माधुरी दीक्षित ऑडिशन द्यायला आलीय, गोविंदा आलाय, अनिल कपूर आलाय, बप्पीदा आलेत, आणि कोणालाच काम मिळत नाही. लिहिणाऱ्यांत तन्मय आणि त्याचे एआयबीच्या वेळचे सोबती. २०२१ मध्ये राहुल द्रविड गाडीच्या टपातून बाहेर येऊन बॅट आपटतो, 'इंदिरानगर का गुंडा हूँ मैं'. आपल्या मराठी घरातला इतका सोज्वळ माणूस दुसऱ्याच्या गाडीचा आरसा फोडतोय! बंगळुरूत त्यावर दिवसभर दुसरं काही बोलणं नव्हतं.

हे काय आहे? हा रोस्टच आहे हो. शिव्या काढल्या, तारा तोच. मोठा माणूस स्वतःची टिंगल स्वतः करतो. फरक इतकाच की वरळीत त्याची तिकिटं विकली आणि गुन्हा नोंदला, इथे त्याच्यासाठी स्टारने एकेका सेकंदाचे पैसे घेतले. वरळीच्या वेळी नाकं मुरडणारे माझे दोन जुने साहेब द्रविडची जाहिरात मला स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होते.

लिहिण्यात अवघड काय, तर ताऱ्याला तयार करणं. आमच्या वेळी नटाचा माणूस स्क्रिप्ट वाचायचा आणि 'सर असं करणार नाहीत' एवढं बोलून उठायचा. 'सर'ना हसू आलं तर अर्धं काम झालं. एआयबीने ती भीड मोडली. आलियाने करून दाखवल्यावर पुढच्यांना आपण लहान होऊ असं वाटेना. तन्मयची खरी कमाई ही आहे, असं मला वाटतं. यूट्यूबचे आकडे नव्हेत.

आणि माणूस निष्कलंक नाही हे बाजारालाही माहीत असतं. एका मोठ्या बँकेने त्याची मोहीम मागे घेतली, कारण त्याचे दहा वर्षांपूर्वीचे मुलांवरचे घाणेरडे ट्वीट लोकांनी उकरून काढले. ते ट्वीट खरंच घाणेरडे होते, त्याला कोणताही काळ लावला तरी.

शिवाजीपार्क_गेट५

द्रविडची जाहिरात मलाही आवडली होती. त्याने लिहिली हे आज कळलं. च्यायला.

तिरफळ

समय रैनाचं नाव निघालंय तर त्याचा यूट्यूब शो लेटंट राहिला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस तन्मय आणि समय केबीसीत अमिताभसमोर बसले होते. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पोरं सज्जन वाटतात." पंधरा दिवसही नाही झाले आणि 'इंडियाज गॉट लेटंट'मधला पॉडकास्टवाल्या रणवीर अलाहाबादियाचा तो अश्लील प्रश्न बाहेर आला. महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवून जुन्या भागांतल्या पाहुण्यांनाही चौकशीला बोलावलं, समयने सगळे भाग काढून टाकले, प्रकरण सुप्रीम कोर्टात. त्या लाटेत भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनलनेसुद्धा आपला एक जाहीर केलेला भाग पुढे ढकलला. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या-करणाऱ्यांनाही झळ लागलीच.

आणि दीड महिन्यात खारच्या हॅबिटॅट या स्टँडअपच्या हॉलची तोडफोड, कुणाल कामराच्या शिंदेंवरच्या गाण्यावरून. हॅबिटॅटवाल्यांनी शटर ओढल्याचं जाहीर केलं. तिथेच लेटंटचंही चित्रीकरण होत असे. धागाकर्ते म्हणतात की गुन्हे-धमक्यांनी कोणाचं दुकान बंद होत नाही. इथे झालं की!

माहीमचा_पाव

मुद्दा बरोबर आहे, पण बंद कोणाचं झालं ते बघ ना. कामरा पाँडिचेरीजवळ बसून व्हिडिओ टाकत राहिला, समय परत दौऱ्यावर गेला. मार खाल्ला तो जागेने. खुर्च्या, दिवे, माइक. ज्याच्याकडे कॅमेरा आणि खोली आहे त्याला हलवता येत नाही, ज्याच्याकडे भाड्याचा हॉल आहे त्याला येतं. २०१४ चा तन्मय डोम भाड्याने घेत होता, आताचा तन्मय सोफा सोडत नाही, त्यामागे हा हिशेब नक्कीच असणार.

जुनाखोड

आणि ज्या पोराला अजून नाव नाही, ज्याला पहिली पाच मिनिटं मिळायची ती अशाच हॉलमध्ये, त्याने कुठे जायचं? त्याच्याकडे ना सोफा ना प्रेक्षक. पुण्यात एक-दोन कॅफे होते जिथे मराठी पोरं बुधवारी उभी राहायची. नातवाबरोबर एकदा गेलो होतो. आठातली सहा बेकार होती. दोन मात्र अशी की मी खिसा चाचपून रुमाल काढला.

रानजाई

काका, गप्प बसणार होतात ना? :-) त्या दोघांपैकी कोणाचा व्हिडिओ असेल तर लिंक द्या.

जुनाखोड

नातवाला विचारून टाकतो. एक मुलगी होती, भोरची, रेशन कार्डात नाव घालायच्या खेपांवर बोलली. एकही शिवी नाही. तलाठी मात्र नक्की ओळखेल स्वतःला.